उतार

उरवाई दरवाज्याच्या रस्त्याला माझ्या बहिणीनं
सहा वर्षं बर्फ मानलं.

पहाटे पाचला, दूधवाले किल्ल्यावर चढायच्या आत,
मी डालड्याचे डबे मांडायचो, रेती भरलेले,
प्रत्येकात एक बांबू,
बांबूला अण्णांच्या जुन्या धोतराची चिंधी.
डावा, उजवा, डावा.
वरून अक्का यायची
मिशनच्या शाळेतून उसन्या आणलेल्या चाकांवर.

कातळातले तीर्थंकर बघत असायचे.
पाचशे वर्षं सरळ गुडघ्यांनी उभे,
काहींना चेहरेच उरलेले नाहीत,
आणि समोरून ही,
गुडघे मुडपून, हनुवटी मांड्यांना टेकेल इतकी खाली.
तसे शांत प्रेक्षक तिला पुढे कुठे मिळाले नाहीत.

माझ्या हातात पी.टी. मास्तरांचं घड्याळ, काच तडकलेलं.
ती खाली थांबायची, धापा टाकत विचारायची,
'किती?'
मी अर्धा सेकंद वाढवून सांगायचो.
रोज.
काही न बोलता ती पुन्हा चढायला लागायची.

एन.सी.सी.नं तिला गुलमर्गला नेलं, तिथून पहिलं पत्र:
'बर्फ गोळेवाल्याकडच्यासारखा नाही.
बर्फ अण्णांसारखा आहे,
सकाळी कडक, दुपारी ऐकतो,
संध्याकाळी पुन्हा काय होईल सांगता येत नाही.'
अण्णांनी ते दोनदा वाचलं
आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

मग घरात त्या दोन लांब पट्ट्या आल्या.
मेण आईच्या इस्त्रीनं लावायचं,
त्यामुळे वर्षभर अण्णांच्या सदऱ्यावर
एक चकचकीत डाग, कचेरीत सगळ्यांना पाठ झालेला.
कडांना धार लावायला दौलतगंजातला रमजानी सिकलगर.
दरजींच्या कात्र्या बाजूला सारून त्यानं ती कड
अंगठ्यावर तपासली.
'बिटिया, इससे कटता क्या है?'
'काटती नहीं चाचा, थामती है.'
त्यानं पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी मात्र दुप्पट घेतले.

तीन हिवाळे ती देशात पहिली आली.
इथल्या पेपरात फोटो दुसऱ्याच मुलीचा,
खाली नाव 'हेमांगी पाटनी'.
शेजारच्या मोघेकाकू पेढे घेऊन आल्या,
स्काउटमध्ये पहिली आली म्हणून.
आईनं पेढे ठेवून घेतले.

जपानात ती चौथी आली, चार शतांश सेकंदांनी.
टाळी वाजवताना तळवे जवळ येतात,
त्यातलं शेवटचं बोटभर अंतर,
तेवढा वेळ.
तो मला वाढवता आला नसता, कमीही करता आला नसता.
फोनवर ती हवामानाबद्दल बोलली.

पुढच्या वर्षी तिसऱ्या फाटकापाशी पडली.
गुडघ्यात आवाज आला म्हणते,
मटाराची शेंग फोडावी तसा.
अकरा महिने छताच्या हुकाला बांधलेली वाळूची पिशवी
पायानं वर, खाली, वर.
बाराव्या महिन्यात ती गेली आणि जिंकली.
त्या दिवशी धुकं इतकं होतं की शेवटची रेघ ओलांडताना
तिला कुणीच पाहिलं नाही,
यंत्रानं पाहिलं.
परत आल्यावर पट्ट्या पलंगाखाली सरकवल्या.

मग बँक, खेळाडूंच्या कोट्यातून,
नया बाजार, पेन्शनचा काउंटर, एकतीस वर्षं.

आता ती जिना आडवी उतरते,
एक पाय, त्याच पायरीवर दुसरा.
उतारवय म्हटलं की चिडते:
'उताराला नावं ठेवू नकोस.'

परवा किल्ल्यावरून परतताना
स्कूटरवर मागे बसलेली,
माझ्या कानाशी म्हणाली, 'इंजिन बंद कर.'
केलं.
वळणावर तिचं वजन माझ्या आधी आत झुकलं,
स्कूटर तिचं ऐकत होती, माझं नाही.
कातळातले ते सगळे
डाव्या बाजूनं गेले, भर्रकन, उभेच.

खाली दरवाज्यापाशी मी ब्रेक दाबला.
'किती?'
'घड्याळ कुठंय अक्का आता.'
'अंदाजानं सांग,' ती म्हणाली,
'आणि तुझा तो अर्धा काढून सांग.'

मागे दूधवाला हॉर्न देत होता.